साडूच्या मापाचं घड्याळ

घड्याळजीला जगात एकाच माणसाचा हेवा वाटत असे, आणि तो माणूस नेमका त्याचा साडू होता. परक्याचा हेवा वाटला तर माणूस त्याची गल्ली टाळून दुसऱ्या रस्त्याने जातो. साडूच्या बाबतीत ती सोय नाही. बायका सख्ख्या बहिणी, सासूबाई दोघांना मिळून एक, आणि दर पंधरा दिवसांनी एकाच टेबलावर समोरासमोर जेवण. हेवा करायचा तर वरण वाढून घेता घेता करायचा, आणि तोंडाने "वा, झकास झालंय" म्हणायचं.

घड्याळजीचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की घड्याळजीला स्टुलावरून उठता येत नसे. तो स्वतः उंच आणि किडकिडीत, मनगटं तर काडीसारखी, त्यामुळे आजूबाजूचे लोक पाठीमागे त्याला सेकंदकाटा म्हणत. पण समोर आदर होता, आणि तो होता त्याच्या शब्दाला. एकतीस वर्षांत तो घड्याळाबद्दल कधी खोटं बोललेला नव्हता. दोन घड्याळं घेऊन कुणी आलं की डोळ्याला भिंग लावायचं, दोन्ही उघडून बघायची आणि असेल ते सांगायचं. एकदा चष्मेवाल्याला सासऱ्याने भेट दिलेलं घड्याळ नकली आहे हे त्याने सासऱ्याच्या देखत सांगितलं होतं. चष्मेवाला महिनाभर बोलत नव्हता, पण पुढचं घड्याळ घेताना मुकाट्याने त्यालाच दाखवायला आला.

साडूचा धंदा लिफ्ट बसवण्याचा. तरुणपणी दुसऱ्याच्या हाताखाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोरांना ग्रीस लावणारा हा माणूस आता स्वतः अकरा माणसं कामाला ठेवून होता. आवाज मोठा, हसणं मोठं, मनगट तर घड्याळजीच्या दीडपट. डॉक्टरने पोहायला सांगितल्यापासून रोज सकाळी चाळीस मिनिटं पोहायचा आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलायचा. त्याने गाडी घेतली तेव्हा घड्याळजीच्या पोटात दुखलं होतं. नवा फ्लॅट घेतला तेव्हाही दुखलं. वाक्प्रचारातलं नव्हे, खरोखरचं. बायको बिचारी म्हणायची की धाकटीच्या हातचं तेलकट तुम्हाला सोसत नाही, आणि परत आल्या आल्या पाचक चूर्ण पुढे करायची. घड्याळजी मुकाट्याने चूर्ण खायचा. आपल्या नवऱ्याला कशाची म्हणून हौस नाही, असं ती चारचौघांत कौतुकाने सांगायची, आणि त्याने तो समज कधी मोडला नाही.

तसं बघितलं तर गाडी आणि फ्लॅट त्याने पचवलेही होते. पण यंदा साडूने पन्नाशीचं निमित्त करून स्वतःलाच एक भारी स्पोर्ट्स घड्याळ भेट द्यायचं ठरवलं, आणि घड्याळजीच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर हा माणूस आपल्या अंगणात तरी येत नव्हता. आता तिथेही आला.

दोन घड्याळांवर साडूचं मन बसलं होतं. एक पाणबुड्यांसाठी केलेलं: जाड, काळ्या तबकडीचं, काचेभोवती फिरणारी कडा असलेलं, खोल पाण्यातही चालणारं. दुसरं मोटारींच्या शर्यतीसाठी केलेलं: मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, आणि स्टॉपवॉच चालू-बंद करायला कडेला दोन बटणं. तीन महिने साडू या दोघांची तुलना करत होता. लग्नाच्या मुलीची कुणी इतकी चौकशी करत नाही. रोज संध्याकाळी फोन यायचा. याची जाडी इतके मिलिमीटर, त्याचं वजन इतके ग्रॅम, याच्या काचेवर चरा पडत नाही, त्याच्या काट्यांना अमुक रंग असतो. व्हिडिओ बघून बघून पठ्ठ्या पंडित झाला होता. गेल्या वर्षापर्यंत चावीला "ते फिरवायचं बटण" म्हणणारा हा गृहस्थ आता एकतीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्याला घड्याळ म्हणजे काय ते समजावून सांगत होता. बरं, विचारत नव्हता, नुसतं सांगत होता. एकदाही "साडूभाऊ, तुमचं काय मत?" असं तोंडातून निघालं नाही. घड्याळजी हूं हूं करत ऐकायचा आणि फोन ठेवल्यावर चिमटा असा आपटायचा की शेजारचा किल्लीवाला डोकावून बघायचा.

आणि त्या दोनांतलं पाणबुड्याचं घड्याळ त्याला स्वतःला हवं होतं. तो वयाच्या तेविसाव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली शिकत असताना एका जहाजावरच्या मेकॅनिकने तसलं घड्याळ साफ करायला आणलं होतं. उस्तादाने ते त्याला उघडू दिलं. आतलं यंत्र बघून तो जेवायचं विसरला होता. तेव्हापासून ते त्याच्या डोक्यात बसलं. त्याची नवी आवृत्ती आली की तो दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून बघून यायचा. हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, घ्या की मग. आणि मग घेता येत नाही, हे तोंडाने कबूल करावं लागलं असतं.

वाढदिवसाला पाच दिवस उरले तेव्हा मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही एकदा दुकानात याल का यांच्याबरोबर? यांचं काही ठरत नाहीये. म्हणतात, साडूभाऊंच्या शब्दाशिवाय घेणार नाही."

घड्याळजीला आनंद झाला, आणि आनंद झाल्याचा रागही आला. पण गेला. स्वच्छ शर्ट घालून गेला आणि भिंग मुद्दाम गळ्यात अडकवून गेला.

दुकान थंडगार होतं, पायाखाली जाड गालिचा, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. साडूचा आवाजसुद्धा निम्म्यावर आला होता. काळे हातमोजे घातलेल्या विक्रेतीने मखमली तबकात दोन्ही घड्याळं आणून ठेवली. घड्याळजीचा हात आपोआप पाणबुड्याच्या घड्याळाकडे गेला. त्याने कडा फिरवली. एकेक दाता कसा नेमका बसत होता. चावी उघडली, दोन वळसे चावी दिली, कानाला लावलं. मग मागची बाजू अंगठ्याने पुसली. आणि एकदम त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: हेच घड्याळ साडूच्या जाड केसाळ मनगटावर, वरणाच्या वाटीशेजारी, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. 

साडूने विचारलं, "बोला, यातलं कुठलं?"

"ते," घड्याळजी म्हणाला, आणि त्याने हनुवटीने शर्यतीच्या घड्याळाकडे दाखवलं.

मग तो बोलतच सुटला. ते पातळ आहे, शर्टाच्या बाहीखाली बसेल. तीन तबकड्या शोभून दिसतात. पोहण्याच्या फेऱ्यांची वेळ मोजता येईल. तुमच्यासारख्या चार लोकांत उठबस असलेल्या माणसाला तेच साजेल. हे दुसरं म्हणजे काय, नुसता लोखंडाचा ठोकळा. यातलं बरंचसं खरंही होतं. साडू मान डोलावत ऐकत होता. सगळं ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला, ते पोहताना चालेल का?

घड्याळजीला उत्तर पाठ होतं. त्या घड्याळाला दोन बटणं आहेत, पाण्यात असताना चुकून जरी दाबली गेली तर पाणी आत शिरणार. त्याच्या दुकानात अशी किती तरी बुडालेली घड्याळं येऊन गेली होती. हा माणूस रोज चाळीस मिनिटं पाण्यात असतो आणि फेऱ्या मोजायला बटण दाबल्याशिवाय राहणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"चालेल की," तो म्हणाला. "न चालायला काय झालं?"

विक्रेतीने त्याच्याकडे बघितलं. तिने बोलायला तोंड उघडलं, पण गळ्यातलं भिंग बघून मिटून घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा घड्याळजी घड्याळाबद्दल खोटं बोलला होता, आणि त्याला वाटलं होतं तितकं ते अवघड गेलं नाही.

साडूने दोन्ही घड्याळांकडे एकदा बघितलं. मग विक्रेतीला म्हणाला, "हे द्या." आणि त्याने बोट दाखवलं ते घड्याळजीच्या हाताकडे. पाणबुड्याचं घड्याळ अजून घड्याळजीच्याच मुठीत होतं. विक्रेतीने हात पुढे केला तेव्हा त्याला ते सोडावं लागलं.

घड्याळजीची कानशिलं तापली. तीन महिने माझं मत विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा माझ्याच तोंडावर ते फेकून दिलं. घड्याळ गेलं ते गेलंच, वर शब्दही गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं. विक्रेतीने साडूचं मनगट बघून सांगितलं की पट्ट्यातली एक कडी काढली की नीट बसेल, आत्ता काढून देते. तर साडू म्हणाला, नको, आमच्या घरचे घड्याळजी आहेत, त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. वाढदिवसाच्या जेवणाला येताना घेऊन या म्हणजे झालं. जखमेवर मीठ चोळायचं ते असं, हसत हसत आणि पाठीवर थाप मारून.

आपल्या दुकानात आणल्यावर पहिल्या दिवशी घड्याळजीने डबी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून पट्ट्यातली एक कडी काढली. काम संपलं होतं. पण घड्याळजीची एक पद्धत होती. हातावेगळं केलेलं घड्याळ तो लगेच देत नसे, आपल्या मनगटावर तीन दिवस घालून त्याची चाल बघत असे. टेबलावर ठेवलेलं घड्याळ वेगळं चालतं आणि हातातलं वेगळं, असं उस्ताद सांगायचा, आणि ते खरंही आहे. आता कारखान्यातून नवंकोरं आलेल्या घड्याळाची चाल बघण्याची गरज नसते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण पद्धत म्हणजे पद्धत. त्याने ते मनगटावर चढवलं, तर ते घसरून कोपरापर्यंत गेलं. असं लोंबतं ठेवून चाल कशी बघणार? म्हणून त्याने आणखी तीन कड्या काढल्या. देताना परत घालू, असं स्वतःशी म्हणाला, आणि चारही कड्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून पाकिटात ठेवल्या.

ते तीन दिवस घड्याळजी सुखात होता. एरवी दिवसाला दोन कप चहा घेणारा हा माणूस सहा-सात कप घेऊ लागला, कारण प्रत्येक वेळी कप नळाखाली धुवायला मिळत होता आणि मनगटावरून पाणी वाहू देता येत होतं. घरी जाताना घड्याळ उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवायचा, सकाळी शटर वर करण्याआधी घालायचा. किल्लीवाल्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने विचारलं, "नवीन वाटतं?"

"हो," घड्याळजी म्हणाला.

"तुमचं?"

"माझंच."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षाही सोपं गेलं. दिवसभर ते त्याच्या जिभेवर गोड लागत राहिलं.

वाढदिवस सुट्टीच्या दिवशी होता. बायको दुकानाबाहेर स्कूटरजवळ उभी राहून हाका मारत होती, दुपार होत आली, सासूबाईंना भूक धरवत नाही. घड्याळजी आत ड्रॉवरपाशी उभा होता. शेवटचं म्हणून घातलेलं घड्याळ खटका उघडून काढताना त्याला इतकं जड गेलं की दुसरं काही सुचलंच नाही. फडक्याने पुसलं, तबकडी एकदा उन्हाकडे धरली, डबीत घातलं, आणि निघाला. पाकिटातल्या पुडीची त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

जेवणाआधीच साडूने डबी उघडली. टेबलाभोवती सगळे जमले: मेहुणी, घड्याळजीची बायको, आणि मधोमध सासूबाई. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या सगळं मोठ्याने बोलत. साडूने बाही वर सारली, घड्याळ मनगटावर ठेवलं, आणि खटका लावायला गेला. तो लागेना. दोन बोटांचं अंतर राहिलं. त्याने श्वास रोखला, पोट आत घेतलं. पोट आत घेतल्याने मनगट बारीक होत नाही, पण माणूस प्रयत्न करतो. मेहुणी हसून म्हणाली की चार दिवसांत इतके सुजलात का. घड्याळजीची बायको मात्र हसली नाही. यांचं माप कधी चुकायचं नाही, ती म्हणाली, तुम्ही उलटं धरलं असेल.

घड्याळजीला एकदम पाकिटातली पुडी आठवली. वेळ मारून न्यायला तो म्हणाला, "खटका अडकला असेल."

"बघा बरं," म्हणत साडूने घड्याळ त्याच्यापुढे केलं.

खटका बघायचा तर घड्याळजी तो कसा बघणार? एकतीस वर्षं जसा बघत आला तसा. त्याने विचार न करता घड्याळ आपल्या डाव्या मनगटावर चढवलं आणि खटका दाबला. टक् असा आवाज आला. घड्याळ बसलं. ना सैल ना घट्ट, जसं शिंप्याने अंगावर माप घेऊन शिवावं तसं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

"बसलं की," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "थोरल्या जावयांचं आहे होय? मला वाटलं धाकट्यांचं."

घड्याळजीची बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, मनगटाकडे बघत होती. ज्या माणसाला कशाची हौस नाही असं ती सत्तावीस वर्षं सांगत आली, त्याचा हात त्या घड्याळावर कसा ठेवलेला आहे, हे ती नीट बघत होती.

घड्याळजीला वाटलं, म्हणावं नजरचूक झाली. त्याच्या ओठावर ते आलंही. तिसरं खोटं तर फारच सोपं गेलं असतं. पण त्याने पाकिटातून पुडी काढली आणि चार कड्या टेबलावर ओतल्या.

साडू त्याकडे बघत राहिला. "चार? ती बाई एकच म्हणाली होती ना?"

"एक तुमच्यासाठी काढली," घड्याळजी म्हणाला. "तीन माझ्यासाठी. चाल बघायची म्हणून तीन दिवस घातलं मी ते. चाल बघायची काही गरज नव्हती. आणि तिथं दुकानातही मी खोटं बोललो. ते दुसरं पाण्यात चाललं नसतं, बटणांतून पाणी गेलं असतं. हे तुमच्या हातात मला बघवणार नव्हतं, म्हणून तसं बोललो."

एवढं बोलून झाल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. लाज वाटली, आणि घड्याळ अजून हातातच आहे हेही जाणवलं.

साडूने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसला. "ते मला तिथंच कळलं होतं, साडूभाऊ."

"कसं काय?"

"मला घड्याळातलं काय कळतं? तीन महिने वाचून डोक्याचा भुगा झाला. तुम्ही तोंडाने त्याचं कौतुक करत होतात, आणि हे एकदाही खाली ठेवलं नाहीत." साडूने एक कडी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. त्याचा आवाज दुकानातल्यासारखा निम्म्यावर आला होता. "खरं सांगू का? पोहत नसतो तरी मी हेच घेतलं असतं. गाडी आणली तेव्हा पहिली तुम्हाला दाखवली. तुम्ही म्हणालात छान आहे, आणि पेपर वाचायला घेतलात. फ्लॅट दाखवला, तुम्ही खिडकी उघडून लावलीत आणि म्हणालात वारा चांगला येतो. मी इतकं सगळं केलं, पण तुम्हाला त्यातलं काही नकोच असायचं. म्हटलं, या माणसाला हवी असेल अशी एक तरी वस्तू आपल्याकडे असू दे."

घड्याळजी त्याच्याकडे बघत राहिला. साडू झाल्यापासूनची बावीस वर्षांची पोटदुखी त्याने इतकी बेमालूम लपवली होती की समोरच्याला तिचा पत्ताच लागला नव्हता. त्याने तेव्हा नुसतं कण्हून जरी दाखवलं असतं तरी या माणसाचं समाधान झालं असतं. हे मनात येताच त्याला हसू आलं, आणि ते आवरताना डोळे भरले.

भिंग आणि बारीक स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिशात असायचेच. त्याने घड्याळ उतरवलं, भिंग लावलं, आणि टेबलावरच्या बशा सारून तीन कड्या एकेक करून परत बसवल्या. सासूबाई जेवण कधी म्हणून विचारत होत्या. त्याची बायको उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि प्रकाश नीट पडावा म्हणून तिने खिडकीचा पडदा बाजूला धरला. काम झाल्यावर घड्याळजीने स्वतःच्या हाताने घड्याळ साडूच्या मनगटावर चढवलं आणि खटका लावला. अगदी मापात बसलं. आणि बघायला जितका त्रास होईल असं त्याला वाटलं होतं, तितकाच झाला.

"पाण्यात असताना चावी उघडायची नाही," तो म्हणाला. "बाहेर आलात की नळाखाली धरायचं. साबण लावायचा नाही. पाच वर्षांनी उघडून साफ करावं लागेल. दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही, माझ्याकडेच आणायचं."

"आणि चाल बघायला किती दिवस ठेवणार?" साडूने विचारलं. "तीन?"

घड्याळजीने भिंग डोळ्यावरून काढलं आणि एकदा घड्याळाकडे बघितलं.

"पाच वर्षं वापरलेलं असणार," तो म्हणाला. "महिना तरी लागेल."